बुधवारची गोळी

आमच्या डी. फार्मसीच्या, म्हणजे फार्मासिस्ट होण्याच्या पदविकेच्या, वर्गातल्या काही जणांचं तीन महिन्यांचं ट्रेनिंग एका दुपारी उरकलं. ओळखीच्या मेडिकलमध्ये जायचं, तासांची वही पुढे करायची, सही-शिक्का घ्यायचा आणि एसटी पकडून घरी यायचं. २०१९च्या मे महिन्यात डी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली, तेव्हा मलाही अशी एक जागा सुचवली गेली होती. आमचं घर तासगाव तालुक्यात. खरड छाटणीनंतर द्राक्षबागेत कामाला माणूस कमीच पडतं. सांगलीत तीन महिने राहायचा खर्चही वाचला असता. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

आत्याने अडवलं. ती सांगलीत विश्रामबागेत राहते. तिला शुगर आहे, बीपी आहे, सकाळ-संध्याकाळ मिळून सात गोळ्या असतात. ती म्हणाली, "मला चिठ्ठी वाचता येत न्हाई. मेडिकलातलं पोरगं जे देईल ते मी गिळते. आता तूच न शिकता तिथं उभी राहिलीस तर माझ्यासारखीनं कुणाकडं बघायचं?" तिनेच तिच्या नेहमीच्या मेडिकलवाल्या अण्णांना विचारलं आणि मेच्या अखेरीस मी त्यांच्या दुकानात जायला लागले.

नियम मला पाठ होता. पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, तीन महिन्यांपेक्षा कमी काळात नाही, आणि त्यातले किमान अडीचशे तास डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं देण्याचे. १९४८च्या फार्मसी कायद्याचं ४२वं कलमही पाठ होतं : नोंदणी झालेल्या फार्मासिस्टशिवाय कोणी चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही. परीक्षेत यावर मार्क मिळाले होते. हे अडीचशे तास वेगळे का मोजायचे, ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

अण्णांनी पहिल्याच दिवशी माझ्या वहीच्या पानावर पट्टीने दोन रकाने आखले. डावीकडे दुकानाचे तास, उजवीकडे चिठ्ठीचे तास. म्हणाले, "उजव्या रकान्यात पंधरा दिवस काही लिहायचं नाही. आधी रॅक."

रॅकचं काम म्हणजे धूळ पुसणं असं मला वाटलं होतं. पण त्या पंधरा दिवसांत जे कळलं ते दोन वर्षांत कळलं नव्हतं. होलसेलरकडून माल आला की बिलावरचा बॅच नंबर, मुदत आणि किंमत खोक्यावरच्या नंबराशी एकेक करून ताडून बघायची. मग जुना माल पुढे ओढायचा, नवा मागे लावायचा. आधी आलेला आधी विकायचा असं नव्हे, तर ज्याची मुदत आधी संपते तो आधी. दोन्ही गोष्टी नेहमी एक नसतात. नंतर आलेल्या मालाची मुदत कधीकधी आधीची निघते. खोक्यावर नुसता महिना छापलेला असेल तर तो महिना संपेपर्यंत औषध चालतं. तीन महिन्यांच्या आत मुदत संपणारं सगळं वेगळ्या खोक्यात जायचं, आणि मुदत संपलेलं कपाटाच्या खालच्या कप्प्यात, वर 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी लावून.

पट्टी कापण्याचा धडा मला विशेष वाटतो, कारण तो कुठल्या पुस्तकात मी वाचलेला नाही. दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या हव्या असतील तर कुठल्या टोकाकडून कापायचं? बॅच नंबर आणि मुदत पट्टीच्या ज्या टोकाला छापलेली असते ते टोक दुकानात शेवटपर्यंत राहिलं पाहिजे. घाईत कोणी ते टोक आधी कापून दिलं की उरलेल्या सहा गोळ्या निनावी होतात. पहिल्या आठवड्यात दुकानातल्या दादाने मला अशी तीन तुकड्यांची डबी दाखवली. कुठल्या कंपनीच्या, कधीपर्यंत चालणाऱ्या, काहीच सांगता येत नव्हतं. अण्णांनी ते तुकडे फेकून द्यायला लावले. त्या तिन्ही तुकड्यांची किंमत शंभराच्या वर होती. आणि गिऱ्हाईकाला तुकडा दिला की औषधाचं नाव, बॅच आणि मुदत पाकिटावर हाताने लिहायची, कारण त्याच्या हातातल्या तुकड्यावर ती नसते.

फ्रिजचंही तसंच. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं हे मला माहीत होतं. पण फ्रिजच्या दारात ठेवायचं नाही, कारण दार दिवसभर उघडतं. मागच्या भिंतीला टेकवायचं नाही, कारण तिथे ते गोठतं. आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ दिसलं तरी टाकून द्यायचं, हे मी तिथे शिकले. सकाळी दुकान उघडल्यावर आणि दुपारी चारला थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहायचं काम माझ्याकडे होतं.

जूनच्या मध्यावर उजवा रकाना सुरू झाला.

अण्णांची पद्धत अशी : चिठ्ठी हातात आली की रॅककडे वळायचं नाही. आधी ती संपूर्ण वाचायची. डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख, पेशंटचं नाव, वय. लहान मूल असेल तर वजन. मग औषध, त्याची ताकद, किती वेळा, किती दिवस, एकूण किती. मी नवी असल्यामुळे औषधाचं नाव ओळखू आलं की मला इतका आनंद व्हायचा की हात आपोआप रॅककडे जायचा. अण्णा ओरडले नाहीत कधी. फक्त माझ्या हातातली पट्टी काढून घ्यायचे, परत जागेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "पहिल्यापासून."

अक्षर हा निम्मा प्रश्न असतो. औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ मध्ये आलं. काही डॉक्टर तसं लिहितात, त्यांचे मी मनापासून आभार मानते. बाकीच्यांचं अक्षर सवयीने लागतं, आणि सवयीने लागलेलं अक्षर धोक्याचं असतं, कारण डोळा नेहमीचं तेच वाचतो. सेफिक्सिम आणि सेफ्युरोक्सिम, हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलाझिन. यातली पुढची जोडी तर एक खाजेवरची आणि एक बीपीची. शंका आली तर अंदाज करायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. सुरुवातीला मला फोनची फार भीती वाटायची. एक-दोघे चिडलेही. बहुतेकांनी शांतपणे सांगितलं, आणि एकदा एका डॉक्टरांनी "बरं झालं विचारलंस" म्हणून डोस बदलून दिला. ते वाक्य मी घरी जाऊन आत्याला सांगितलं.

गिऱ्हाईकांची सर्वांत मोठी तक्रार असते ती "तेच स्वस्तातलं द्या की" ही. तक्रार खोटी नाही. मूळ औषध तेच असताना दोन कंपन्यांच्या किमतींत दुप्पट-तिप्पट फरक मी रोज बघत होते. पण औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव असेल तर त्याऐवजी दुसरं परस्पर देता येत नाही. अण्णा त्यावर एकच करायचे. पेशंट खरंच अडचणीत आहे असं दिसलं की गिऱ्हाईकासमोर डॉक्टरांना फोन लावायचे, मूळ नावावर चालेल का विचारायचे आणि चिठ्ठीवर तशी नोंद करून घ्यायला पेशंटला परत पाठवायचे. वेळ जायचा. काहीजण त्या वेळात समोरच्या दुकानात जायचे. मला वाटतं, हा नियम डॉक्टरांच्या हाती जेवढं ठेवतो तेवढंच पेशंटच्या खिशाचाही विचार करणारा हवा होता. पण नियम आहे तोवर फोन करण्याची ही वाट मला पटते.

झोपेच्या गोळ्यांवरून तर भांडणं झाली. अल्प्राझोलामसारखी औषधं, सेफिक्सिमसारखी अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं ही सगळी शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत येतात. मार्च २०१४पासून त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते : लिहून देणारे डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं. आणि वही तीन वर्षं जपायची. एक गृहस्थ बिनचिठ्ठीचे आले. मी नाही म्हटल्यावर म्हणाले, "पलीकडं न विचारता देतात, तू कोण मोठी लागून गेलीस?" मला रडू आलं. अण्णांनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, किती दिवसांपासून घेता ते विचारलं. तीन वर्षं. एकदम बंद केली तर त्रास होतो, हळूहळू कमी करावी लागते, तेही डॉक्टरांच्या सांगण्यानेच, हे त्यांनी समजावलं. ते गृहस्थ काही न घेताच गेले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आले की पलीकडे गेले ते मला माहीत नाही, पण आमच्या दुकानातून ती पट्टी गेली नाही.

काउंटरवर उभं राहिल्यावर लक्षात आलं की औषध बरोबर देणं आणि ते पोटात बरोबर जाणं यांत बरंच अंतर आहे. दम्याचे एक आजोबा महिनाभर श्वासातून ओढायच्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. यंत्र घरी कपाटात नवं कोरं पडलेलं. अण्णांनी काउंटरखालचं दाखवायचं यंत्र काढलं, कॅप्सूल कुठे घालायची, कसं फिरवायचं, ओठ कसे आवळायचे, ओढल्यावर दहा सेकंद श्वास कसा धरायचा आणि स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ का भरायची, हे सगळं करून दाखवलं. पाठोपाठ दोन माणसं खोळंबली होती. ती कुरकुरली नाहीत, बघत राहिली.

लहान मुलांच्या कोरड्या सिरपचं काम पुढे माझ्याकडे आलं. बाटलीत पूड असते, घरी पाणी घालायचं असतं. उकळून गार केलेलं पाणी, आधी निम्मं घालून हलवायचं, मग खुणेपर्यंत भरायचं, परत हलवायचं. पूड बुडाला घट्ट बसलेली असते म्हणून आधी बाटली तळहातावर आपटून मोकळी करायची. एक तरुण बाप दुसऱ्यांदा तीच बाटली घ्यायला आला तेव्हा कळलं की पहिल्या वेळी तो पूडच चमच्याने देत होता. आणि चमचा म्हणजे स्वयंपाकघरातला. म्हणून मी बाटलीबरोबरच्या मापावर पेनने रेघ मारून द्यायला लागले. तापाच्या औषधाचंही तेच : पॅरासिटामॉलचं एक सिरप पाच मिलिलीटरला १२० मिलिग्रॅमचं, दुसरं २५०चं आणि थेंबांचं औषध एका मिलिलीटरला १०० मिलिग्रॅमचं. तिन्ही बाटल्यांवरचं नाव सारखं. घरात मोठ्या भावाची बाटली उरलेली असते आणि आई तीच तान्ह्याला देते. म्हणून "घरात तापाची आणखी कुठली बाटली आहे का?" हा प्रश्न मी आजही प्रत्येक आईला विचारते.

आता त्या आज्जींबद्दल.

जुलैचा पहिला आठवडा होता. कृष्णाकाठच्या एका गावाहून एक आज्जी सुनेबरोबर आल्या. हाताची बोटं सुजून वाकडी झालेली, संधिवात. चिठ्ठीवर तीन औषधं. त्यातलं एक मेथोट्रेक्सेट, दहा मिलिग्रॅम. पुढे दोन अक्षरं. मी 'ओ.डी.' वाचलं, म्हणजे दिवसातून एकदा. मी पट्टी काढली, पाकिटात घातली आणि पाकिटावर स्वच्छ मराठीत लिहिलं : 'रोज रात्री जेवणानंतर १'. अक्षर चांगलं आलं म्हणून मला बरंही वाटलं. एकूण गोळ्या पुढे चार लिहिल्या होत्या. पट्टी दहाची. कापायला नको म्हणून मी अख्खी दिली.

पिशवी आज्जींच्या हातात जाण्याआधी अण्णा पुढे आले. हा त्यांचा नेम होता. उजव्या रकान्यातलं प्रत्येक पाकीट ते स्वतः बघायचे आणि पेशंटला एक प्रश्न विचारायचे. "आज्जी, ही गोळी कशी घेणार, मला सांगा बघू."

आज्जी म्हणाल्या, "ह्या लेकीनं सांगितलंय की. रोज रातच्याला एक."

अण्णांनी पिशवी काउंटरवर ठेवली. चिठ्ठी माझ्यासमोर सरकवली आणि त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. 'ओ.डी.' नव्हतं. 'ओ.डब्ल्यू.' होतं. आठवड्यातून एकदा. मग बोट चारच्या आकड्यावर गेलं. "महिन्याला चार लिहिल्यात. रोजची असती तर पाचव्या दिवशी त्यांनी काय घ्यायचं होतं?"

मेथोट्रेक्सेट हे औषध मला कॅन्सरच्या प्रकरणात भेटलं होतं. संधिवातात ते कमी डोसमध्ये, आठवड्यातून एकदाच देतात, हेही मी वाचलं होतं; परीक्षेत लिहिलंही होतं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात, माणूस दगावतो. जगभर याच चुकीने माणसं गेली आहेत. मला हे सगळं ठाऊक होतं आणि तरी मी 'रोज' लिहिलं. माझे हात गार पडले. अण्णा आज्जींसमोर मला एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टरांना फोन लावला, आठवड्यातून एकदाच याची खात्री केली. बरोबरची फॉलिक ॲसिडची गोळी दोन दिवसांनी घ्यायची, तेही विचारून घेतलं. मग आज्जींना म्हणाले, "ही गोळी आठवड्यात एकदाच. तुम्हाला कुठला वार ध्यानात राहतो?"

"बुधवार," आज्जी म्हणाल्या. "बुधवारी आमच्यात बाजार असतो."

अण्णांनी पेन माझ्या हातात दिलं. मी नव्या पाकिटात चार गोळ्या मोजून घातल्या, मुदतीचं टोक दुकानात ठेवलं, पाकिटावर 'फक्त बुधवारी १, इतर दिवशी नाही' असं लिहिलं आणि फॉलिक ॲसिडच्या पाकिटावर 'शुक्रवारी १'. या वेळी प्रश्न मी विचारला. आज्जींनी उत्तर दिलं : "बाजारादिवशी एक."

त्या दिवशीचे तास मी वहीत लिहिले नाहीत. संध्याकाळी अण्णांनी वही बघितली आणि म्हणाले, "लिही. आज खरं ट्रेनिंग झालं." रात्री आत्याने विचारलं तेव्हा मी तिच्या सातही गोळ्या पलंगावर मांडल्या आणि तिला एकेक विचारत बसले. दोन गोळ्या ती उलट वेळी घेत होती.

ऑगस्ट उजाडला तो पावसानेच. ५ तारखेपासून कृष्णेचं पाणी शहरात चढायला लागलं. आयर्विन पुलाजवळची पातळी ४५ फुटांना धोक्याची धरतात. त्या आठवड्यात ती ५७ फुटांच्या पलीकडे गेली. २००५च्या महापुरापेक्षाही वर. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, शामरावनगर पाण्यात होतं. आमची गल्ली उंचावर असल्यामुळे कोरडी राहिली, पण वीज गेली होती, कोल्हापूरचा हायवे बंद होता आणि ज्या होलसेलरकडून आमचा माल यायचा त्याचं गोदाम पाण्यात होतं.

अण्णांनी पहिलं काम सांगितलं ते इन्सुलिनचं. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या, त्यांवर दुमडलेला टॉवेल, त्यावर इन्सुलिन. बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही. खोक्यात थर्मामीटर. जिल्हा बंद पडला होता तरी माझी सकाळची आणि चारची नोंद चालूच होती. वापरात असलेली कुपी घेऊन घाबरून आलेल्यांना मात्र आम्ही धीर दिला : उघडलेली कुपी उन्हापासून दूर, घरातल्या साध्या तापमानाला साधारण चार आठवडे चालते, आणि त्या दिवसांत ऊन होतंच कुठे.

शाळांमधल्या छावण्यांतून माणसं यायला लागली. कुणाची चिठ्ठी भिजून शाई पसरलेली, कुणाकडे नुसती रिकामी पट्टी. एका काकांनी रुमालात बांधलेल्या तीन पांढऱ्या गोळ्या उलगडून समोर ठेवल्या. "ह्या बीपीच्या. ह्याच द्या." पांढरी, गोल, मधे रेघ. अशा गोळ्या आमच्या रॅकवर कितीतरी होत्या. रंगावरून औषध द्यायचं नाही हे अण्णांचं ठरलेलं. आमच्या कॉम्प्युटरवर ज्यांची जुनी बिलं होती त्यांची नावं दादाने वीज जाण्याआधीच एका वहीत उतरवून ठेवली होती. त्या वहीत हे काका नव्हते, त्यांचं मेडिकल गावभागात होतं, पाण्याखाली. अण्णा त्यांना स्वतः छावणीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बीपी मोजलं, नवी चिठ्ठी झाली, मग गोळी. दीड तास गेला. तेवढ्या वेळात दुकानात मी आणि दादा दोघंच होतो, म्हणून अण्णा येईपर्यंत आम्ही चिठ्ठीचं एकही औषध दिलं नाही. रांगेतल्या माणसांना मी तसं सांगितलं. बहुतेक थांबले. थांबण्याशिवाय त्यांच्याकडे होतं तरी काय.

पाणी ओसरायला लागलं तशी लेप्टोची, म्हणजे पुराच्या चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती सुरू झाली. चिखलातून चालणाऱ्यांना आरोग्य पथकाचे डॉक्टर तपासून डॉक्सिसायक्लिन लिहून देत होते, आठवड्यातून एकदा दोनशे मिलिग्रॅम. अण्णा आणि मी दोन दिवस एका शाळेत पाकिटं भरायला बसलो. पुन्हा आठवड्यातून एकदा. माझ्या हाताला आता ती दोन अक्षरं वाचायची गरज नव्हती, प्रत्येक पाकिटावर मी वार लिहीत होते. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशात-छातीत जळतं. दुधाबरोबर नको. पोटात बाळ असेल तर आधी सांगा. लहान मुलांना आपलं पाकीट द्यायचं नाही. एवढं प्रत्येकाला सांगायचं आणि मग विचारायचं, "कशी घेणार?" एक बाई हातातल्या पोराला गप्प करत म्हणाल्या, "सोमवारी. दोन. जेवून. आणि ह्याला न्हाई." त्यांचं घर गेलं होतं. तरी त्यांनी चारही गोष्टी बरोबर सांगितल्या.

ऑगस्टच्या शेवटी मी तासांची बेरीज केली. डावा-उजवा मिळून ५०८. मी सर्टिफिकेटचा कागद अण्णांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून उजवा रकाना पुन्हा बेरजेला घेतला आणि कागद परत दिला. "चिठ्ठीचे २३८ आहेत. बारा कमी."

शाळेतले दोन दिवस त्यांनी धरले नव्हते. ते दुकानातलं काम नव्हे, परवान्याच्या जागेवरचं नव्हे, म्हणाले. मला वाईट वाटलं. त्या दोन दिवसांत मी जितकी पाकिटं दिली तितकी महिन्यात दिली नव्हती, आणि माझ्या वर्गातल्या मुलांनी एका दुपारी ५०० लिहून घेतले होते. हे मी त्यांना बोलून दाखवलं. अण्णा म्हणाले, "त्यांच्या कागदावर माझी सही नाही. तुझ्या कागदावर आहे." मी आणखी दोन दिवस गेले. आज माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीच्या वहीत मीही दोन रकाने आखते, आणि तिची कुरकुर मला समजते.

त्या जादाच्या दोन दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी, गणपती बसायच्या आधीच्या शनिवारी, त्या आज्जी आल्या. घरात पाणी शिरलं होतं, सून माहेरी होती, आज्जी एकट्याच आल्या होत्या. बोटांची सूज वाढलेली दिसत होती. मी चिठ्ठी पहिल्यापासून वाचली. चार गोळ्या मोजल्या. पाकिटावर बुधवार लिहिलं आणि विचारलं, "आज्जी, कशी घेताय?"

"बाजारादिवशी. पण दोन आठवडं बाजार भरलाच न्हाई की लेकी. मग कवा घ्यायची?"

त्यांनी दोन आठवडे गोळी घेतलीच नव्हती. बाजार भरला नाही म्हणजे बुधवार आलाच नाही. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. डॉक्टरांनी सांगितलं : चुकलेल्या गोळ्या भरून काढायच्या नाहीत, दोन एकदम तर नाहीच, येत्या बुधवारपासून पुन्हा एक, आणि रक्त तपासायला लवकर या. मी ते चिठ्ठीच्या मागे लिहिलं.

मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यासमोर ठेवलं. सप्टेंबरचे बुधवार चार होते : ४, ११, १८, २५. गोळ्याही चार. चारही तारखांना लाल गोल केले, पण आज्जींना आकडे वाचता येत नव्हते. त्यांनीच बोट लावून वाट काढली. ४ तारखेवर बोट ठेवून मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी गौरी येतात. "मग पयली गौरीच्या आदल्या दिवशी," त्या म्हणाल्या. ११ तारीख? "अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी." १८ आणि २५ला त्यांना काही सण सापडला नाही. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि माझ्याकडे बघितलं.

मी सुनेचा फोन नंबर एका रिकाम्या पाकिटाच्या मागे लिहून घेतला, एच-वनच्या वहीशेजारी टाचणीने लावला. संध्याकाळी अण्णांनी उजव्या रकान्याखाली २५० लिहून सही केली. १८ आणि २५ सप्टेंबरला सकाळी मी घरून फोन केला.